दोन टिंबं

११ फेब्रुवारी

ही आज गेली. लेकीकडे, बाळंतपणासाठी, बाळ झाल्यावर दोन महिने राहायच्या बोलीवर. लेकीच्या गावची गाडी आमच्याच आगारातून सुटते, म्हणून पोचवायला मीच गेलो. बॅग वर ठेवली. ही पायरीवर थांबून म्हणाली, "काही सांगायचंय का?"

मी खिशातली पाटी काढून लिहिलं, 'किल्ली दिलीस ना? किल्ली दिलीस ना?'

"दिलीय हो. दोनदा दिलीय," म्हणाली आणि आत जाऊन बसली. गाडी हलेपर्यंत खिडकीतून बघत होती. किल्ली माझ्याच खिशात निघाली.

प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय नोकरीने लावली. घोषणा दोनदा, हा आगाराचा नियम. पहिल्या वेळी प्रवासी मान वर करतो, दुसऱ्या वेळी ऐकतो. सगळी नोकरी मी त्या आगारात गाड्या पुकारण्यात घालवली. भोंगा म्हणतात मला. मागच्या पावसाळ्यात घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक म्हणतात. माझी जीभ जागेवर आहे, टाळाही आहे, पण त्यातून काही निघत नाही.

ही वही लेकीने दिली. "बाबा, मनात कोंडून ठेवू नका, लिहा." मनात कोंडून ठेवण्याची तक्रार माझ्याबद्दल आजवर कुणी केलेली नाही.

१५ फेब्रुवारी

आगारप्रमुखांनी नवीन काम दिलं. प्रवाशांना फोनवर दिसेल असा एक फलक सुरू केला आहे: कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर. तो मी लिहायचा. माणूस भला आहे, घरी बसवता आलं असतं.

फलक मात्र अगदीच गरीब. सगळी अक्षरं एका उंचीची, एका जाडीची. रंग नाही, ठळक नाही, खाली रेघ नाही. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, ओरडायचं झालं की मोठी अक्षरं काढतात. आपल्या लिपीत लहान-मोठं असं काही नाही. 'आग लागली' आणि 'चहा झाला' दोन्ही एकाच आवाजात.

चौकशी खिडकीवरच्या बाई, ज्यांना आम्ही सगळे चौकशीबाई म्हणतो, त्या माझी घालमेल बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, चांदणी लावा की दोन्ही बाजूंनी! म्हणजे लोकांना कळतं, हे जोरात म्हटलंय." मग त्यांनी सगळंच शिकवलं. चांदणी म्हणजे जोर. शब्दाच्या दोन्ही टोकांना खालची रेघ म्हणजे शब्द जरा ओढून म्हणायचा. नागमोडी रेघ म्हणजे म्हटलेलं मागे घेतलं. गप्पांच्या फोनवर तर चांदण्या लावल्या की त्या स्वतः नाहीशा होतात आणि मधला शब्द जाड होतो. फलकावर त्या तशाच राहतात, पण काम होतं.

मी नागमोडी सोडून सगळं उतरवून घेतलं. म्हटलेलं मागे घ्यायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही.

१६ फेब्रुवारी

आज फार मजा आली. काल घरी बसून मोजमाप ठरवलं. एक उद्गारचिन्ह म्हणजे माझा घरातला आवाज. दोन म्हणजे माइकवरचा. तीन म्हणजे गाडी सुटते आहे आणि चालकाने दार ओढलं आहे तो आवाज. वर चांदण्या. सकाळी फलकावर पहिलीच ओळ टाकली:

* बंदराची गाडी फलाट चार!!! बंदराची गाडी फलाट चार!!! *

बोटातून कंप आला, खरंच सांगतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा वाटलं की मी खोलीत आहे.

दुपारी हिलाही तसंच पाठवलं: *जेवलो!! भांडी घासली!!* तिचं उत्तर आलं, "बरं वाटलं.. इकडे सगळं ठीक.. घर फार शांत आहे यांचं.."

हिच्या मेसेजमध्ये प्रत्येक वाक्याला दोन टिंबं असतात. पूर्णविराम एका टिंबाचा असतो हे शाळेत शिकली आहे, तरी दोन. अंगठा जाड पडत असणार. मी कळवलं: *टिंब एकच द्यावं!!* तिने लिहिलं, "बरं.."

२४ फेब्रुवारी

नात झाली. दोघी सुखरूप. आगारात पेढे वाटावेत तशी बातमी वाटली, म्हणजे पाटीवर लिहून सगळ्या खिडक्यांपुढे धरली. चालक, वाहक, चौकशीबाई, सगळ्यांनी पाठ थोपटली.

लेकीच्या घरी पाठवलं: *अभिनंदन!!! अभिनंदन!!!* जावयाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हिचा मेसेज संध्याकाळी आला. "कपाळ तुमच्यावर गेलंय.. रडते मात्र हळू.. मी पहाटे गच्चीत बसले होते जरा.. किती वर्षांनी गाणं गुणगुणले.. शेवटचं कडवं आठवलंच नाही.."

पहाटेचा गारठा काय असतो हे हिला कळत नाही. लगेच लिहिलं: *गच्चीत बसू नये!!! छाती भरते!!! छाती भरते!!!*

त्यावर उत्तर नाही. बाळंतिणीच्या घरी कामं असतात.

९ मार्च

घरात एकट्याने राहणं मला जमतं आहे असं मी समजत होतो. आज दूध उतू गेलं, दुसऱ्यांदा. दूध उतू जाताना हाक मारता येत नाही, आणि मारली तरी कोण येणार. ओटा पुसताना लक्षात आलं की ही रोज दूध तापवताना शेगडीशी उभी असायची आणि मी बाहेरून म्हणायचो, "दुधाकडे लक्ष आहे ना? दुधाकडे लक्ष आहे ना?" तिचं लक्ष असायचंच. त्यासाठीच ती तिथे उभी असायची.

१४ मार्च

हिचा मोठा मेसेज. "इथल्या बालवाडीच्या बाई शेजारीच राहतात.. बाळाला झोपवताना माझं गाणं ऐकलं म्हणे.. मुलांना गाणी शिकवायला येता का विचारत होत्या.. मी हसले नुसती.."

मीही हसलो. म्हणजे खांदे हलले. हिला गाणं येतं हे खरं, लग्नाआधी गायची असं सासूबाई सांगायच्या. आमच्या घरात गायल्याचं आठवत नाही. चेष्टेने लिहिलं: *या वयात?!!!*

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकत्र लावलं की डोळे मोठे करून विचारल्यासारखं होतं, चौकशीबाईंनीच सांगितलं आहे. तिने लिहिलं, "हो ना.." बघा, तिलाही गंमत वाटली.

२० मार्च

आज वाईट झालं.

नदीपलीकडची गाडी रोज पाचव्या फलाटावर लागते. सकाळी तिथला पत्रा दुरुस्तीला काढला, गाडी पहिल्यावर नेली. मी लगेच फलकावर टाकलं, तीन चांदण्या, तीन उद्गारचिन्हं, दोनदा. तरी एक म्हातारे गृहस्थ पाचव्यावर उभेच राहिले आणि गाडी गेली. बहीण दवाखान्यात होती त्यांची. पुढची गाडी दुपारी. चौकशीच्या खिडकीपाशी येऊन बसले. मी तावातावाने बाहेर आलो, त्यांच्या फोनवर फलक उघडून दाखवला, बोट ठेवलं. हे काय, लिहिलंय की.

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. चिडले नाहीत. म्हणाले, "वाचलं होतं हो सकाळपासून. पण तुमच्या इथे सगळंच ओरडतंय. पाण्याची टाकी धुणार तेही तसंच, गाडी हलली तेही तसंच. माझ्यासाठी कुठलं, ते मी कसं ओळखायचं?"

मी फलक वरपासून खालपर्यंत पाहिला. चांदण्यांचं शेतच होतं. टाकीच्या ओळीला माझ्या तीन चांदण्या होत्या.

दुपारच्या गाडीत त्यांना मीच बसवलं, पाण्याची बाटली दिली. बहिणीचं काय झालं ते कळायचा मार्ग नाही. संध्याकाळी आगारप्रमुख एवढंच म्हणाले, "अति तिथे माती, भोंगा." जेवण गेलं नाही.

२६ मार्च

"दोन महिने म्हटलं होतं.. पण अजून थोडे दिवस राहिले तर चालेल का.. बघा तुम्हाला काय वाटतं.."

मला काय वाटतं? ओट्यावर मुंग्या आहेत, सदऱ्याची बटणं तुटली आहेत, आणि गळ्याच्या भोकावरच्या जाळीची पट्टी मागे बांधायला दुसरा हात लागतो. हे सगळं एका मेसेजमध्ये कसं मावणार. शिवाय माझी आठवण येते असं तिने लिहिलं नव्हतं, ते मी का लिहू. म्हणून मुद्द्याचं लिहिलं:

*नाही!!! घराची आबाळ होते आहे!!! घराची आबाळ होते आहे!!!*

२ एप्रिल

हिचा मेसेज नाही. तिकडे रेंज नसणार. जावयाचे विनोद मात्र येतात.

५ एप्रिल

रेंज होती.

लेकीने आज लांबलचक लिहिलं. ती माझ्यासारखी आडवंतिडवं लिहीत नाही, शाळेत शिकवते. तिचंच इथे उतरवतो, कारण मला ते पुन्हा फोनवर उघडवत नाही.

"बाबा, रागावू नका. तुमचा मेसेज आला की आई फोन पालथा ठेवते. मी विचारलं का, तर म्हणाली, 'आधी त्या आवाजासाठी मनाची तयारी करते, मग वाचते.' मी तिला म्हटलं, बाबांचा आवाज गेलाय आता. तर म्हणाली, 'माझ्यासाठी नाही गेला.' आणि ती दोन टिंबं देते ना, ती चूक नाही. तिथे ती थांबलेली असते, तुम्ही पुढे काही विचाराल म्हणून. गाणं कुठलं होतं, एवढं जरी विचारलं असतं तरी चाललं असतं."

आधी संताप आला. मी काय हातात काठी घेतली होती? चार खुणा लावल्या फोनवर, तर एवढं रामायण! उत्तर लिहायला घेतलं. चांदणीवर बोट गेलं आणि ते गृहस्थ आठवले, चष्मा वर करून बघणारे.

मग मी आमच्या दोघांचे मेसेज पहिल्यापासून वाचत गेलो. माझे वाचताना माझाच माइकवरचा आवाज डोक्यात वाजत होता. तिचे वाचताना कुठलाच आवाज येईना. खूप प्रयत्न केला. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि ती 'किती वर्षांनी गाणं गुणगुणले' हे कुठल्या सुरात म्हणेल ते मला आठवत नाही. मी ऐकलेलंच नाही. मला फार वाईट वाटतं आहे. याहून नेमका शब्द नाही.

६ एप्रिल

फलकावरच्या सगळ्या चांदण्या काढल्या. उद्गारचिन्हं काढली. दोनदा लिहिलेलं एकदा केलं. चौकशीबाई म्हणाल्या, "अहो, हे काय, बरं आहे ना?" दुपारी एक गाडी हलवावी लागली, तेवढ्या एकाच ओळीला एक चांदणी लावली. पाच मिनिटांत सगळा घोळका नव्या फलाटावर. कुणी मागे राहिलं नाही. एवढं सोपं होतं.

संध्याकाळी हिला लिहिलं, कुठलीही खूण न लावता: आज दूध उतू गेलं नाही

चटकन उत्तर! "काय झालं.. ताप आहे का.. शेजारच्यांना फोन करू का.."

मला आधी हसू आलं. साधं बोललो तर मी आजारी आहे असं वाटलं बाईला. मग हसू राहिलं नाही.

७ एप्रिल

विचारलं: गाणं कुठलं होतं

तिने दोन ओळी लिहिल्या. मी कधी न ऐकलेलं, तिच्या आईचं, जात्यावरचं नव्हे म्हणाली, पाळण्यावरचं. "शेवटचं कडवं अजून आठवत नाही.." मी लिहिलं, आठवलं की सांग. रात्री जेवण गेलं. पट्टीची गाठ आरशात बघून एका हाताने बांधायला जमली, तेही कळवलं.

१५ एप्रिल

आता रोज बोलणं होतं. मी विचारतो, ती सांगते. गच्चीतून टाकी आणि दोन झाडं दिसतात. नातीला डाव्या कुशीवर झोप लागते. बालवाडीत ती एक दिवस बघायला म्हणून गेली, मुलांनी पदर सोडला नाही. मी लिहिलं, छान. त्याला काही लावलं नाही, तरी तो शब्द छान दिसला.

हिच्या मेसेजमधली टिंबं कमी होत चालली आहेत. वाक्य संपतं तिथे एकच टिंब, स्वच्छ. फोनचा सराव झाला आता तिला. पुढच्या आठवड्यात बोलीप्रमाणे यायची आहे. मी मुंग्यांची पावडर आणली, पडदे धुतले, तिच्या उशीचा अभ्रा बदलला. सगळं वेळेत सुधारलं याचं मला समाधान आहे.

२२ एप्रिल

दुपारी फोन वाजला. हिचा. मेसेज नाही, फोन. मला बोलता येत नाही म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मला कुणी फोन केलेला नाही. उचलला.

"अहो, मीच आहे. तुम्ही फक्त ऐका. ऐकताय ना? फोनवर बोट वाजवा."

मी बोट वाजवलं.

"मी बालवाडीत लागले. एक तारखेपासून. रोज सकाळी दोन तास. लेकीला विचारून इथेच राहीन म्हणते." मग म्हणाली, "तुमच्यावर रागावून नाही हो. रागावले होते, पण तुम्ही हल्ली किती छान लिहिता, राग धरायला जागाच ठेवली नाहीत. खरं सांगू का? तुमचा आवाज घरभर असायचा. त्यात मला माझा ऐकू यायचा नाही. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रडले मी, आणि रडता रडता मनात आलं, आता जरा मला बोलता येईल. पाप आलं मनात. त्याचीच लाज वाटून तुमचं सगळं केलं. आणि मग तुम्हाला त्या बाईंनी चांदण्या शिकवल्या."

हसली. मी ते हसू नीट ऐकलं. नाकातून सुरू होतं आणि शेवटी थोडं वर जातं.

"तुम्ही विचाराल याची वाट बघून बघून माझी सवय मोडली, एवढंच झालं. आता तुम्ही विचारता, तर मला सांगावंसं वाटतं, पण यावंसं वाटत नाही. हे चुकीचं आहे का?"

चुकीचं नाही, हे बोटाने कसं वाजवायचं? एकदा वाजवलं तर हो होतं, दोनदा वाजवलं तर घोषणा होते. मी काहीच वाजवलं नाही. तिला ते कसं वाटलं असेल कोण जाणे.

"सणावाराला, अडीअडचणीला येईन की. घर सोडलेलं नाही. ऐकताय ना?"

मी वाजवलं. मग ती म्हणाली, "शेवटचं कडवं आठवलं," आणि म्हणून दाखवलं. पूर्ण. मध्ये मी काहीच बोललो नाही. बोलता येत असतं तर नक्की बोललो असतो, म्हटलं असतं, वा, किंवा, बिल वाढतंय, आणि कडवं तिथेच राहिलं असतं. माझा आवाज गेला म्हणून मला हिचं गाणं ऐकायला मिळालं. पण बैल गेला आणि झोपा केला, तसं झालं हे.

२३ एप्रिल

सकाळभर उत्तर लिहीत होतो. आगारात फलकाला उशीर झाला, चौकशीबाईंनी सांभाळून घेतलं.

आधी लिहिलं *ये*. चांदण्या गिळून फोनने तो शब्द जाड केला. पुसला. मग साधंच 'ये' लिहिलं. तेही पुसलं, कारण काही न लावता लिहिलेलं 'ये' सगळ्यात मोठ्याने ऐकू येत होतं. घराची आबाळ होते आहे हे खरं होतं, पण ते घराचं नव्हतं, माझं होतं. आणि ते त्या वेळी लिहिलं असतं तर ती आली असती असं मला वाटतं. आता लिहिणं म्हणजे तिला पुन्हा बोलावून शेगडीशी उभं करणं.

शेवटी हे पाठवलं:

राहा हवं तितकं. चुकीचं नाही. कडवं छान होतं. तू म्हणशील तेव्हा मी भेटायला येईन..

शेवटी दोन टिंबं मी मुद्दाम दिली. अंगठा घसरला नव्हता. ती बघेल, थांबेल, काही विचारेल, असं वाटलं. कधी येता, एवढं जरी.

तिने वाचल्याची खूण लगेच दिसली. उत्तर थोड्या वेळाने आलं.

"बरं."

एकच टिंब. मीच शिकवलं होतं.

फोन पालथा ठेवलेला नाही. टेबलावर उताणा ठेवला आहे, चष्म्याशेजारी, उजेड पडला तर दिसेल असा.